बर्रची गढी बघायला जाताना

आयर्लंडमध्ये नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबाचं पहिल्या वर्षातलं फिरणं साधारण ठरलेलं असतं. मोहरचे कडे, जायंट्स कॉजवे, एखाद्या शनिवारी ग्लेंडलॉक. देशाच्या मधल्या भागाकडे फारसं कुणी वळत नाही, कारण नकाशावर तिथे कुरणं आणि पीटच्या, म्हणजे जळणाला वापरतात त्या कुजक्या मातीच्या, दलदलीच दिसतात. त्याच भागात, ऑफली काउंटीमध्ये, बर्र नावाचं छोटं गाव आहे आणि गावाला खेटून बर्र कॅसल.

मी त्याला गढी म्हणते. कॅसल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक तर राजगड-रायगड येतो, नाहीतर परीकथेतला मनोऱ्यांचा महाल. बर्रला गेल्यावर आठवते ती देशमुखांची गढी: जाड भिंती, मोठा दरवाजा, आणि आत नांदतं घर. पार्सन्स घराणं इथे १६२० पासून आहे आणि आजही इथेच राहतं. गावाचं नावसुद्धा पूर्वी पार्सन्सटाउन होतं. घराण्याचा प्रमुख तो ‘अर्ल ऑफ रॉस’.

मी आजवर चार वेळा गेले आहे. पहिल्या वेळी आई-बाबा पुण्याहून आले होते. दालनं, झुंबरं, तलवारी बघायच्या म्हणून आम्ही निघालो. त्या दिवशी गढी आतून बघायला मिळणार नव्हती, आणि ते मी आधी तपासलं नव्हतं. चरफडत बागेत शिरलो आणि संध्याकाळी दार बंद व्हायची वेळ झाली तरी बाबा बागेतल्या भल्यामोठ्या जुन्या दुर्बिणीपाशीच उभे होते. तेव्हापासून जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: इथला खरा ठेवा भिंतींच्या बाहेर, उघड्यावर आहे. दिवस त्या हिशेबानं आखा.

१. काय बघायला जाताय ते आधी ठरवा

गढीभोवतीच्या आवाराला तिथे ‘डिमेन’ म्हणतात. घराण्यानं स्वतःसाठी राखलेली वाड्याभोवतीची जमीन, असा त्याचा अर्थ. साधारण १२० एकरांचं हे आवार, त्यातल्या बागा, तळं, विज्ञान केंद्र, मोठी दुर्बीण आणि मुलांचं ट्रीहाउस हे सगळं एका तिकिटात येतं. गढी आतून बघायची असेल तर वेगळं तिकीट लागतं, बरोबर गाइड असतो, आणि हे फक्त उन्हाळ्यातल्या ठरावीक महिन्यांत, ठरावीक वेळांना होतं. कुणी राहतं घर आहे, तेव्हा ते साहजिकच आहे. निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर वेळा आणि तिकिटाचा दर बघा. आई-वडील किंवा मुलं बरोबर असतील तर कुटुंबाचं एकत्र तिकीट स्वस्त पडतं का, तेही तिथेच कळेल.

२. महिना निवडा

एप्रिल-मे सगळ्यात चांगले. मॅग्नोलिया फुललेला असतो, पाठोपाठ चेरी, आणि गवत नुकतं कापलेलं. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे परतीच्या प्रवासाची घाई नसते. ऑक्टोबरमध्ये तळ्याकाठच्या झाडांचे रंग बघण्यासारखे असतात. डिसेंबरमध्ये मात्र सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दारही लवकर बंद होतं. त्या दिवसांत गेलात तर सकाळीच पोचा.

पाऊस कुठल्याही महिन्यात येईल. छत्री आयरिश वाऱ्यापुढे टिकत नाही. टोपीवालं जर्किन आणि चिखल चालेल असे बूट घ्या.

३. पोचायचं कसं

डब्लिनहून अंतर साधारण १३० किलोमीटर, गाडीनं दोन तास धरा. एम ७ महामार्गानं रोस्क्रेपर्यंत जायचं आणि तिथून एन ६२ नं उत्तरेला बर्रला यायचं. शेवटचा टप्पा साध्या रस्त्याचा आहे. ट्रॅक्टरच्या मागे अडकलात तर धीर धरा.

गाडी नसेल तर लक्षात ठेवा, बर्रला रेल्वे स्टेशन नाही. रोस्क्रेला आहे, पण त्या फाट्यावर दिवसाला मोजक्याच गाड्या धावतात. त्यापेक्षा डब्लिनहून बर्रला येणारी बस बरी. वेळा टीएफआयच्या (आयर्लंडच्या सार्वजनिक वाहतुकीच्या) अॅपवर बघा आणि परतीची बस आधी बघा. रविवारच्या वेळा वेगळ्या असतात.

४. डबा

आवारात कॅफे आहे, चहा-कॉफी, सूप, केक मिळतो. पण तळ्याकाठी चादर पसरून बसण्याची मजा सोडू नका. तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा थालीपीठ आणि दही, गार झालं तरी चालेल असं काही घ्या. दिवसभर चालायचं आहे, भूक सडकून लागते.

५. आत गेल्यावर आधी विज्ञान केंद्र

बहुतेक लोक तिकीट काढून थेट हिरवळीवर जातात, दुर्बिणीसमोर फोटो काढतात आणि पुढे निघतात. तसं करू नका. जुन्या तबेल्यांच्या चौकात विज्ञान केंद्र आहे, तिथे आधी पाऊण तास द्या. नाहीतर बाहेरची दुर्बीण म्हणजे दोन भिंतींमध्ये अडकलेला लाकडी पिंप वाटेल.

या केंद्रात या घरातल्या माणसांचे उद्योग मांडले आहेत. तीन माणसं नीट ओळखून घ्या. पहिले विल्यम पार्सन्स, तिसरे अर्ल (१८००–१८६७), दुर्बिणीचे कर्ते. दुसऱ्या त्यांच्या पत्नी मेरी रॉस. छायाचित्रण नुकतंच जन्माला आलं होतं त्या काळात त्यांनी गढीतच स्वतःची डार्करूम उभारली होती. तिसरा त्यांचा सगळ्यांत धाकटा मुलगा चार्ल्स. त्यानं १८८४ मध्ये वाफेवर चालणारी टर्बाइन तयार केली. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात वाफेच्या जोरावर जी टर्बाइन फिरते, तिचं मूळ या मुलाच्या डोक्यात आहे. माझे काका आयुष्यभर वीज मंडळात होते. त्या काचेपुढे उभी असताना मला त्यांची फार आठवण झाली.

आरसा कसा ओतला ते सांगणारा भाग चुकवू नका. त्या काळी दुर्बिणीचे मोठे आरसे काचेचे नसत. तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू ओतायचा आणि घासून चकाकी आणायची. आपल्याकडे तळपाय चोळायची काशाची वाटी असते ना, तिच्यात हेच दोन धातू असतात. आरशाच्या धातूत कथील जास्त, म्हणून तो पांढरा आणि काचेसारखा ठिसूळ. ओतल्यावर भराभर निवला की तडकलाच. बर्रच्या मोठ्या आरशाचा व्यास सहा फूट, म्हणजे १.८ मीटर, आणि वजन सुमारे तीन टन. १८४२ मध्ये तो इथेच गढीच्या आवारात ओतला. भट्टीत जळण होतं आसपासच्या दलदलीतलं पीट, आणि कामावर होते गावचे लोहार, सुतार, मजूर. अर्लनी त्यांना हाताशी धरून शिकवलं. एवढा मोठा आरसा जगात कुणी कधी केलेला नव्हता.

६. आता दुर्बिणीकडे

हिरवळीच्या मधोमध दगडी कमानींच्या दोन उंच, समांतर भिंती आहेत आणि त्यांच्यामध्ये लाकडी पट्ट्यांची, लोखंडी कड्यांनी आवळलेली नळी तिरपी विसावलेली आहे. नळीची लांबी ५४ फूट. हिला ‘पार्सन्सटाउनचा लेव्हायथन’ म्हणत, म्हणजे महाकाय जलचर. १८४५ पासून १९१७ पर्यंत, बहात्तर वर्षं, जगात हिच्याहून मोठा आरसा दुसऱ्या कुठल्याही दुर्बिणीत नव्हता. १९१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर १०० इंची दुर्बीण झाली तेव्हा हिचा पहिला नंबर गेला.

इथे घाई करू नका. आधी भिंतींच्या टोकाला उभे राहा आणि दिशा बघा. भिंती उत्तर-दक्षिण आहेत. नळी वर-खाली हलते, पण डावी-उजवीकडे भिंती आडव्या येतात. त्यामुळे दुर्बीण ताऱ्याच्या मागे फार दूर जाऊ शकत नसे. तारा याम्योत्तरावर, म्हणजे आकाशाच्या मधल्या उत्तर-दक्षिण रेषेवर, येईपर्यंत वाट बघायची. तो आला की जेमतेम तासभर हाती लागायचा. त्यात आयर्लंडचे ढग.

मग भिंतीला लागून असलेले लाकडी सज्जे बघा. या दुर्बिणीत आरसा तळाशी असतो आणि बघणारा माणूस वरच्या तोंडापाशी, बाजूला. नळी जसजशी उभी होत जाते तसतसा माणूस उंच चढत जातो. एप्रिल १८४५ मध्ये अर्लनी जो तेजोमेघ, म्हणजे आकाशातला धुरकट ठिपका, बघितला तो याम्योत्तरावर येतो तेव्हा इथून जवळजवळ डोक्यावर असतो. नळी जवळजवळ उभी, आणि अर्ल अंधारात, थंडीत, चार-पाच मजल्यांच्या उंचीवर लाकडी सज्जात. तिथे उभं राहून त्यांनी कागदावर जे काढलं ते म्हणजे पाण्यातल्या भोवऱ्यासारखा एक सर्पिल आकार. आज आपण त्याला एम ५१, व्हर्लपूल दीर्घिका म्हणतो; दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह. आकाशातल्या त्या धुरकट ठिपक्यांपैकी काहींना असा चक्री आकार असतो, हे माणसाला पहिल्यांदा कळलं ते इथे, या हिरवळीवर. त्या आपल्या आकाशगंगेबाहेरच्या स्वतंत्र दीर्घिका आहेत हे सिद्ध व्हायला १९२० चं दशक उजाडावं लागलं. वृषभ राशीतल्या तेजोमेघाला ‘क्रॅब’ हे नाव पडलं तेही अर्लनी काढलेल्या चित्रावरूनच. ते चित्र मात्र याच्या आधीच्या, तीन फुटी आरशाच्या दुर्बिणीतून बघून काढलेलं होतं.

हौशी आकाशनिरीक्षक तेजोमेघ आणि दीर्घिका ओळखायला एनजीसी या यादीतले क्रमांक वापरतात. ती यादी १८८८ मध्ये प्रसिद्ध करणारे ड्रायर हे १८७० च्या दशकात चार वर्षं इथेच, याच दुर्बिणीवर कामाला होते.

आज तुम्ही बघता ती दुर्बीण सगळीच्या सगळी मूळची नाही. जुनी मोडकळीला आली होती; १९९० च्या दशकात ती पुन्हा उभारली. मूळ आरसा लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. पुन्हा उभारताना मेरी रॉस यांनी काढलेली छायाचित्रं कामी आली, आणि मेरी वॉर्ड यांची रेखाटनंसुद्धा. या मेरी वॉर्ड अर्लच्या नात्यातल्या. सूक्ष्मदर्शकातून बघून लिहिणाऱ्या आणि चित्रं काढणाऱ्या. त्या काळी बाईला विद्यापीठाचं दार बंद होतं. दुर्बीण बांधली जात असताना टप्प्याटप्प्यानं त्यांनी ती कागदावर उतरवून ठेवली. पुढे ३१ ऑगस्ट १८६९ रोजी बर्र गावातच, पार्सन्स मुलांनी बनवलेल्या वाफेच्या गाडीतून जाताना वळणावर त्या खाली पडल्या आणि चाकाखाली सापडून गेल्या. मोटारगाडीच्या अपघातातला जगातला पहिला ज्ञात मृत्यू म्हणून त्यांचं नाव सांगितलं जातं. मला वाटतं, बर्रला आल्यावर त्यांची आठवण दुर्बिणीपाशी काढावी.

आणखी एक गोष्ट. १८४५ च्या शरद ऋतूत बटाट्यावर रोग पडला आणि आयर्लंडचा मोठा दुष्काळ सुरू झाला. दुर्बीण जवळजवळ नवी कोरी असतानाच निरीक्षणं थांबली. त्या वर्षांत गढीभोवती खंदक आणि तटबंदीचं काम काढलं ते लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. बहात्तरच्या दुष्काळात आपल्याकडे खडी फोडायची आणि तलावांची कामं निघाली होती. ज्यांच्या घरात त्या आठवणी आहेत त्यांना गढीच्या बाजूचा तो खंदक वेगळाच दिसेल. अर्ध्या मिनिटात ओलांडून जाल, पण थोडं थांबा.

७. लोफार: बघायचं काहीच नाही, तरी जा

दुर्बिणीपासून चालत गेलं की कुंपणाआड एक सपाट शेत दिसतं. एका बाजूला जमिनीत रोवलेले बारीक खांब आणि ताणलेल्या तारा, दुसऱ्या बाजूला काळ्या आच्छादनाचे चौकोन. हे ‘लोफार’चं आयर्लंडमधलं केंद्र, २०१७ मध्ये सुरू झालेलं. युरोपभर पसरलेल्या, नेदरलँड्समध्ये गाभा असलेल्या रेडिओ दुर्बिणीचा हा एक तुकडा. कमी वारंवारतेसाठी ९६ आणि जास्त वारंवारतेसाठी ९६ अँटेना.

नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघितली असेल तर ही जागा लगेच कळेल. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे वळतात. इथे काहीच वळत नाही. सगळ्या अँटेनांचे संदेश संगणकात जुळवून दिशा ठरते. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी याच आवारात नळी हलवायला साखळ्या आणि कप्प्या होत्या. मुलांना दोन्ही एकापाठोपाठ दाखवा. कुंपणाच्या आत जाता येत नाही.

८. बागा

नकाशा तिकीटखिडकीवर मिळतो. त्यावरची सगळी नावं गाठायचा अट्टहास नको.

औपचारिक बाग मात्र चुकवू नका. इथली बॉक्सची कुंपणं तीनशेहून जास्त वर्षांची आणि जवळजवळ दहा मीटर उंच. बॉक्स म्हणजे बारीक, गर्द पानांचं सदाहरित झुडूप. आपल्याकडच्या मेंदीच्या कुंपणासारखं कापतात, आणि एरवी ते कमरेएवढंच ठेवतात. दोन हिरव्या भिंतींमधल्या बोळातून चाललं की वर आकाशाची पट्टी तेवढी दिसते आणि बाहेरचा आवाज पार तुटतो. जगातली सर्वांत उंच बॉक्सची कुंपणं म्हणून गिनेसनं यांची नोंद केलेली आहे.

शेजारीच हॉर्नबीमच्या झाडांचे मंडप आहेत. फांद्या वाकवून, कापून केलेल्या ओवऱ्या म्हणा, मधून मधून खिडक्या सोडलेल्या. ही मांडणी सहाव्या अर्लच्या पत्नी अ‍ॅन यांची. १९३५ मध्ये दोघांचं लग्न झालं, मधुचंद्राला ते चीनला गेले, आणि झाडं-बियाणं जमवण्याचा नाद दोघांना जन्मभर लागला. इथल्या एका पिवळ्या पिओनीला त्यांचंच नाव आहे, ‘अ‍ॅन रॉस’. ती मे महिन्यात फुलते, म्हणून माझी पसंती मे महिन्याला.

तिथून नदीकडे उतरा. आवारातून कॅमकोर वाहते आणि पुढे लिटल ब्रॉस्नाला मिळते. तिच्यावर एक जुना, बारीक झुलता लोखंडी पूल आहे. त्याच्यावरून जायला मिळत नाही, काठावरूनच बघायचा. पूल आणि मागे गढी, असा फोटो इथूनच येतो. काठची वाट पावसानंतर निसरडी होते. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना तळ्याच्या रुंद वाटेनं न्या. तिथे बाबागाडीही आरामात चालते आणि बसायला बाक आहेत.

तळ्याची फेरी, फर्नची घळ, काचघर: वेळ उरला तर.

९. मुलं बरोबर असतील तर

ट्रीहाउस दाराच्या बाजूलाच आहे, आणि आत शिरताच मुलांना ते दिसतं. एकदा मुलं त्यात चढली की दोन तास खाली येत नाहीत. मोठं आहे, घसरगुंड्या, दोऱ्या, पूल सगळं आहे. आम्ही ठरवून टाकलं आहे: आधी दुर्बीण, मग डबा, मग ट्रीहाउस. मुलांना हे गाडीतच सांगून ठेवा. कपड्यांचा एक जादा जोड गाडीत असू द्या.

१०. गढी आतून

वेळ जुळली तर नक्की बघा. दिवाणखान्यात घराण्याची चित्रं, पुस्तकं, लाकडी सामान आहे आणि सांगणारी माणसं मनापासून सांगतात. आत शिरताना फोटो काढलेले चालतील का, ते गाइडला विचारा. काही हाताळू नका, आणि खिडक्यांतून डोकावून खासगी भागाकडे बघत राहू नका. आपल्या वाड्यात पाहुणे आले तर आपण जी अपेक्षा ठेवू तीच इथे.

वेळ जुळली नाही तर हळहळू नका. मी चारपैकी एकदाच आत गेले आहे.

११. निघण्यापूर्वी गावात अर्धा तास

ऑक्समनटाउन मॉल हा झाडांच्या रांगेचा रस्ता थेट गढीच्या दाराशी येतो. दोन्ही बाजूंना जॉर्जियन काळातली घरं, दारांवर अर्धगोल काचा. जॉन्स मॉलमध्ये तिसऱ्या अर्लचा पुतळा आहे. मुलांना तिथवर चालवत न्या, दुर्बीण बघून आल्यावर त्यांना तो माणूस ओळखीचा वाटतो.

आकाश निरभ्र असेल आणि गाडी तुमची असेल तर अंधार पडेपर्यंत थांबा. गावाबाहेर पडलं की एन ६२ च्या आजूबाजूला दिवे फार कमी आहेत. गाडी सुरक्षित जागी, रस्त्यापासून आत लावा. आयर्लंडमधून सप्तर्षी कधी मावळत नाहीत, त्यामुळे कुठल्याही ऋतूत सापडतील. शेपटीच्या टोकाचा तारा मरीची. त्याच्यापासून जरासं बाजूला, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी, ती भोवऱ्यासारखी दीर्घिका आहे. द्विनेत्री असेल तर एक फिकट ठिपका दिसेल. माझ्या मुलीला तो तिसऱ्या खेपेला सापडला, आणि तिनं तिथूनच आजोबांना फोन लावला. पुण्यात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. आजोबा उठले आणि सप्तर्षी शोधायला गच्चीवर गेले.